गच्चीवरची सेलरी: गणपतीत पेरा, दिवाळीत लावा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं आहे त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे काय की' तेवढे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता आणि मी तो दोन वर्षं टाळत होतो. कारण अगदी सरळ आहे. मला तो जमत नव्हता. सेलरी!

आमच्या घरात या शब्दावरून अजून गोंधळ होतो. मी फोनवर कोणाला तरी सांगत होतो की यंदा सेलरी काही आली नाही, तर आतून आईचा आवाज, "अरे, मग घरखर्चाला पैसे आहेत ना?" तिला वाटलं पगार थकला. तेव्हापासून आमच्याकडे सेलरीला 'पगार' म्हणतात. "जरा पगार तोडून आण वरणात घालायला," असं.

या आईमुळेच मी सेलरीच्या मागे लागलो. तिला ब्लडप्रेशर आहे आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. आता जिने पन्नास वर्षं स्वतःच्या हाताने चवीपुरतं मीठ घातलं, तिच्या पुढ्यात अळणी वरण आणि अळणी भाजी आली की काय होणार? ती जेवायचीच कमी. बोलायची नाही काही, पण अर्धी पोळी ताटात उरायची. कोणीतरी सांगितलं, सेलरीची पानं घालून बघ, तिला स्वतःचीच थोडी खारट चव असते. घातली आणि खरंच फरक पडला. पण बाजारात मिळणारी सेलरी म्हणजे मोठी जुडी, त्यातले दोन देठ वापरायचे आणि उरलेले फ्रीजमध्ये मऊ पडून टाकून द्यायचे. म्हटलं, गच्चीत एवढ्या कुंड्या आहेत, आपणच लावू.

पहिल्या वर्षी बी उगवलंच नाही. दुसऱ्या वर्षी उगवलं आणि एका लग्नाला दोन दिवस गावाला गेलो तेवढ्यात सगळी रोपं आडवी झाली. तिसऱ्या वर्षी जमलं. मधल्या काळात मला एक गोष्ट समजली आणि ती समजल्यावर बाकी सगळं सोपं झालं. तीच आज सांगतो.

ही मुळात पाणथळ जागेतली वनस्पती

सेलरीचं रानटी रूप युरोपात आणि भूमध्य समुद्राच्या आसपास ओढ्याकाठी, दलदलीत, समुद्राजवळच्या खाऱ्या ओलीत वाढतं. म्हणजे जिची पणजी कायम पाण्यात पाय बुडवून बसलेली, ती ही भाजी. तिची मुळं उथळ असतात, बहुतेक सगळी वरच्या वीतभर मातीत. त्यांना खोल जाऊन पाणी शोधायची सवयच नाही, कारण गरजच पडली नाही कधी.

अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅलमझू नावाचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याला 'सेलरी सिटी' म्हणायचे. हॉलंडहून आलेल्या शेतकऱ्यांनी तिथल्या दलदलीत चर खणले, जास्तीचं पाणी काढलं आणि त्या काळ्याभोर, कुजलेल्या पालापाचोळ्याच्या जमिनीत सेलरी पिकवली. लक्षात घ्या, भरपूर सेंद्रिय, कायम ओली आणि थंड अशी जमीन. आणि आपण काय करतो? पुण्यातल्या तापलेल्या गच्चीवर, आठ इंची कुंडीत, तुळशीला घालतो तेवढं पाणी घालतो. आणि मग म्हणतो, बी खराब निघालं!

तर सेलरीला तीन गोष्टी लागतात: पाणी, गारवा आणि वेळ. यातली एकही उधारीवर चालत नाही.

आधी जात निवडा

सेलरीचे तीन प्रकार आहेत. एक जाड देठांची, जी आपण सूपमध्ये आणि सॅलडमध्ये बघतो. दुसरी गड्ड्याची, तिला सेलेरियाक म्हणतात, तिचा जमिनीलगतचा फुगलेला गड्डा खातात. आणि तिसरी पानांची, देठ बारीक, पानं भरपूर, दिसायला थेट कोथिंबिरीची दांडगी बहीण. बहीण म्हणजे नुसतं म्हणायला नाही हं, कूळ खरंच एक. कोथिंबीर, गाजर, शेपू, बडीशेप, जिरं, ओवा ही सगळी सेलरीची भावकी.

माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी पानांची सेलरी लावा. ती उन्हाला थोडी जास्त दाद देते, लवकर तोडायला येते आणि स्वाद तर जास्तच. मुंबई-कोकणातल्या मंडळींनी तर हीच लावावी. जाड देठांसाठी साधारण १५ ते २१ अंश तापमान बरेच आठवडे मिळावं लागतं. पुणे-नाशिककडे हिवाळ्यात रात्री गार असतात, पण दुपारी पारा तिशीला टेकतो, त्यामुळे देठ येतात पण करंगळीएवढे. बाजारातल्यासारखे मनगटाएवढे येत नाहीत. मी पहिल्यांदा नाराज झालो होतो. मग विचार केला, वरणात घालायला मनगटाएवढा देठ लागतो कोणाला?

किराणा दुकानातला अजमोदा पेरू का, असंही एका श्रोत्यांनी विचारलं होतं. सेलरीचं बी आपल्या देशात पिकतं, पंजाबात अमृतसरच्या आसपास मसाल्यासाठी त्याची मोठी शेती होते. पण अजमोदा या नावाखाली दुकानात वेगवेगळ्या झाडांच्या बिया विकल्या जातात, तेव्हा पेरायला सेलरी असं छापलेलं पाकीटच घ्या. आणि उलटही लक्षात ठेवा. पेरणीच्या पाकिटातलं बी फोडणीत घालायचं नाही, त्याला बुरशीनाशक लावलेलं असू शकतं.

पेरणी: बी पुरू नका

माझ्या पहिल्या वर्षीची चूक इथे होती. मी मेथी पेरतो तसं बोटाच्या पेराएवढं खड्डं करून बी टाकलं आणि वरून माती ओढली. सेलरीचं बी किती बारीक असतं? एका ग्रॅममध्ये साधारण अडीच हजार बिया. एवढ्याशा बीच्या पोटात शिदोरी ती किती! अर्धा इंच माती फोडून वर येण्याइतकी ताकदच नसते. शिवाय हे बी उजेड मिळाला की चांगलं रुजतं. म्हणजे मी त्याला पुरलं तेव्हाच त्याचा कारभार आटोपला होता.

आता मी असं करतो. बी रात्रभर पाण्यात भिजवतो. एक पसरट ट्रे घेतो, त्यात चाळलेलं कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं. ते आधीच पूर्ण ओलं करून घेतो. भिजलेलं बी थोड्या कोरड्या वाळूत मिसळून वर भुरभुरतो आणि तळहाताने नुसतं दाबतो. वर माती नाही. ट्रेवर पारदर्शक प्लास्टिक, त्याला चार भोकं.

पाणी वरून घालायचं नाही, बी वाहून एका कोपऱ्यात जातं. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा, खालून ओल वर चढते. जागा घरातली, खिडकीजवळची, उजेडाची पण थेट उन्हाची नाही. माती साधारण १८ ते २१ अंशांना असली की उत्तम. पंचविशीच्या वर गेली की बी झोपून राहतं. भाद्रपदात तेवढं गार कुठून आणायचं? मी ट्रे माठाशेजारी फरशीवर ठेवतो आणि खाली ओलं गोणपाट अंथरतो.

आणि मग वाट बघायची. दोन ते तीन आठवडे. दहाव्या दिवशी माझी बायको म्हणाली, "रिकाम्या ट्रेला रोज पाणी दाखवताय." सतराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. मंडळी, या मधल्या दिवसांत ट्रे एकदाही सुकता कामा नये. रुजायला लागलेलं बी एकदा वाळलं की परत उठत नाही.

उगवल्यावर प्लास्टिक काढा. दोन खरी पानं आली की एकेक रोप छोट्या कपात हलवा, पानाला धरून, देठाला नाही. चार-पाच पानं होईपर्यंत तिथेच ठेवा.

चार सणांचं वेळापत्रक

तारखा माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी सण धरतो. गणपतीत पेरा, दिवाळीत लावा, संक्रांतीला तोडा, होळीला आटोपा.

हे नुसतं यमक जुळवलेलं नाही. गणेश चतुर्थी ते दिवाळी साधारण आठ आठवडे होतात आणि सेलरीच्या रोपाला ट्रेमध्ये आठ-दहा आठवडे लागतातच. ऑक्टोबरचा उकाडा रोपं घरात सावलीत असताना निघून जातो. वाढीचे मुख्य महिने, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, थंडीत सापडतात. लावल्यापासून पूर्ण वाढ व्हायला तीन-चार महिने लागतात, पण बाहेरचे एक-दोन देठ संक्रांतीपर्यंत मिळायला लागतात. होळीनंतर ऊन तापलं की देठ कडवट आणि दोरीसारखे होतात, तेव्हा मोह सोडायचा.

कुंडी, माती आणि पाणी

एका रोपाला किमान बारा इंची कुंडी, किंवा मोठ्या वाफ्यात दोन रोपांत एक वीत अंतर. माती, जुनं शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात. मूठभर निंबोळी पेंड. सकाळचं ऊन चार-पाच तास मिळावं आणि दुपारची सावली. माझ्या गच्चीत पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला ही जागा आहे. तुमच्याकडे नसेल तर हिरवी शेडनेट बांधा.

मातीवर वाळक्या पाचोळ्याचं किंवा उसाच्या पाचटाचं दोन इंच आच्छादन हवंच. मुळं उथळ आहेत ना, वरची माती तापली की तीच पहिली भाजतात.

बाकी कुंड्यांना मी कायम सांगतो, खाली पाणी साचू देऊ नका. सेलरी अपवाद. तिच्या कुंडीखाली ताटली ठेवा आणि त्यात बोटभर पाणी असू द्या. पण डास! ताटलीतलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ताटली रिकामी करून घासायची आणि मग नवीन पाणी.

गावाला जायचं असेल तर दुसऱ्या वर्षीचा माझा धडा घ्या. कुंडीशेजारी पाण्याची बादली थोडी उंचावर ठेवा. जाड सुती दोरी ओली करून तिचं एक टोक बादलीच्या तळाला आणि दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल खुपसा. दिव्याची वात तेल ओढते तशी दोरी पाणी ओढते. दोन-तीन दिवस आरामात निघतात. जाण्याआधी एकदा घरी असताना करून बघा म्हणजे झालं.

खत दर पंधरा दिवसांनी. गांडूळखत पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी किंवा पातळ केलेलं जीवामृत. ही खादाड भाजी आहे, पालकापेक्षा जास्त मागते.

काय बिघडतं आणि का

मधली कोवळी पानं काळी पडून सडल्यासारखी होतात. हे कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण. लगेच अंड्याची टरफलं टाकायला धावू नका. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, ते पोचत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी जिथून जास्त उडतं तिथे, म्हणजे बाहेरच्या मोठ्या पानांत जातं. आतली मिटलेली पानं उपाशी राहतात. पाणी एक दिवस खूप आणि दोन दिवस नाही असं झालं की हे हटकून होतं. उपाय एकच, ओल सारखी ठेवा.

देठ पोकळ आणि चिवट झाले तर तेही तहानेमुळे किंवा उन्हामुळे. पानांवर तपकिरी ठिपके म्हणजे करपा. तो पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरतो, म्हणून पाणी मुळाशी द्या, झारीने डोक्यावरून नको. मावा पडला तर पाण्याच्या धारेने धुऊन काढा, मग निंबोळी अर्क.

आणि डेंगळे! कांद्याला येतात तसे सेलरीलाही येतात. ही दोन वर्षांची वनस्पती, पहिल्या वर्षी पानं, थंडी खाऊन झाल्यावर दुसऱ्या वर्षी फुलं. लहान रोपाला बरेच दिवस दहा अंशांच्या आसपासची थंडी लागली तर त्याला वाटतं हिवाळा झाला, वर्ष उलटलं, आणि ते फुलोऱ्यावर जातं. निफाडकडच्या मंडळींनी, जिथे कडाका पडतो तिथे, रोपं लहान असताना रात्री कापड टाकावं. डेंगळा आलाच तर देठांची आशा सोडा, पानं वापरा.

देठ गोडसर, फिकट हवे असतील तर तोडणीआधी दोन-तीन आठवडे देठांभोवती वर्तमानपत्र गुंडाळा, पानं बाहेर राहू द्या. उजेड नाही म्हणून देठ पांढरट आणि सौम्य होतात. मी करत नाही. आम्हाला स्वादच हवाय, आणि झाकलेल्या देठांतली जीवनसत्त्वंही काहीशी घटतात.

तोडताना बाहेरचे देठ बुडाशी कापा, मधला गाभा वाढू द्या. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि नंतर हात धुवा. सेलरीचा रस अंगाला लागून त्यावर ऊन पडलं तर काहींच्या त्वचेवर चट्टे उठतात.

आता जरा गंभीर

हे सांगू की नको असा विचार करत होतो, पण सांगतो.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीला सेलरी हाताशी आली. मी खूश, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक सांगत होतो. त्याच सुमारास आईच्या मोबाईलवर कोणीतरी एक संदेश पाठवला, रोज सकाळी सेलरीचा रस प्या आणि बीपीची गोळी विसरा. आई सकाळी माझ्याआधी उठते. कुंड्यांतले देठ भराभर कमी होत होते आणि मला वाटलं, वा, आईला आवडलं! पंधरा दिवसांनी तिच्या गोळ्या आणायच्या म्हणून पाकीट बघितलं, तर होत्या तेवढ्याच. तिने गोळी बंद केली होती. घरच्या यंत्रावर बीपी मोजलं तर आकडा बघून माझेच हात गार पडले.

डॉक्टर रागावले नाहीत. आईला एवढंच म्हणाले की भाजी म्हणून खा, औषध म्हणून नको. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आकडा खाली आला. पण मला झोप लागेना, कारण आईने रस प्यायला तो माझ्याच कुंडीतल्या सेलरीचा आणि 'सेलरी किती गुणी' हे ऐकलं तेही माझ्याच तोंडून.

म्हणून स्पष्ट सांगतो. सेलरी बीपीच्या गोळीची जागा घेत नाही. रक्त पातळ करायची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर सेलरीतल्या के जीवनसत्त्वामुळे ती अचानक भरपूर खाऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल आणि पोटॅशियमवर बंधन असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि काहींना सेलरीची ॲलर्जी असते, युरोपात तर खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तिचा वेगळा उल्लेख सक्तीचा आहे.

मग तिचा उपयोग काय? तर जो आम्हाला पहिल्या दिवशी हवा होता तोच. १०० ग्रॅम सेलरीत साधारण ८० मिलिग्रॅम सोडियम असतं. चहाच्या चमचाभर मिठात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये, २००० मिलिग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून मीठ या ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. वरणात आपण सेलरी घालतो ती १० ग्रॅमसुद्धा नसते. तेवढ्याने स्वाद येतो आणि मीठ निम्म्यावर आणलं तरी ताट अळणी लागत नाही.

आमच्याकडे आता ती फोडणीत लसणाबरोबर जाते, टोमॅटोच्या सारात, थालीपिठात, काकडीच्या कोशिंबिरीत. हात जरा आखडता घ्या, स्वाद उग्र आहे. उरलेली पानं सावलीत वाळवून चुरून ठेवतो, होळीनंतर ती पुरतात.

बाजारच्या जुडीचं बूड लावलं तर येतं का? येतं. दोन बोटं बूड ठेवून वाटीभर पाण्यात आठवडाभर ठेवा, मधून कोवळी पानं फुटली की कुंडीत लावा. मोठी जुडी होणार नाही, पण सूपापुरती पानं मिळतील. मुलांना दाखवायला छान.

तर गणपतीला अजून वेळ आहे. पाकीट आणून ठेवा, ट्रे शोधून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या अधूनमधून मोजत जा, हे बागकामाच्या बाहेरचं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कालच आईने जेवताना विचारलं, "यंदा पगार किती कुंड्या?" म्हटलं, सहा. म्हणाली, "आठ लाव. आणि ती गोळी दे इकडे, जेवण झालं माझं." ताटात काही उरलं नव्हतं.

पुढच्या भागात गच्चीवरच्या शेपूबद्दल बोलू. तोपर्यंत कुंड्यांना पाणी घालायला विसरू नका. भेटू!